नऊ आठवडे संपले, आता पुढे काय?

नव्याचे नऊ दिवस, अशी आपल्याकडे म्हण आहे. नवी भांडी, नवा शेजार, नवी सून, सगळ्यांचं कौतुक नऊ दिवस. दहाव्या दिवशी सारं अंगवळणी पडतं. आज जिच्याबद्दल लिहायचं आहे तिची नवलाई मात्र नऊ दिवस नव्हे, चांगली नऊ आठवडे टिकली. ती अडली दहाव्या आठवड्यात.

गंगापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय अडतीस, दोन मुलं शाळेत, घरात सासूबाई, यजमानांचं दुकान. भाचीने मोबाइलवर पळायला शिकवणारा एक कार्यक्रम घालून दिला. कानात बोंडं घालायची आणि आतली बाई सांगेल तसं करायचं. ‘आता पळा’ म्हटलं की पळायचं, ‘आता चाला’ म्हटलं की चालायचं. आठवड्यातून तीन दिवस ह्या शाळेच्या मैदानावर जायच्या. पहिल्या दिवशी एका मिनिटात धाप लागली होती. नवव्या आठवड्यात न थांबता सलग तीस मिनिटं पळून आल्या आणि घरी येऊन कुणाला न सांगता एकट्याच हसल्या, असं त्या लिहितात. कार्यक्रम संपला. त्यानंतर तीन आठवड्यांत त्या एकदाही पळायला गेलेल्या नाहीत. ‘पाय चांगले आहेत, तब्येत चांगली आहे, पण सांगणारं कुणी नाही तर घराबाहेर पाऊलच पडत नाही. हे असं का होतं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. शहरात ज्या बायका अशा वर्गांना जातात, त्यांतल्या कितीतरी जणी वर्ग संपला की घरी बसतात. म्हणून पत्राचं उत्तर सगळ्यांसाठीच देते.

खरं संपलं काय?

आधी हा कार्यक्रम काय आहे ते इतर मैत्रिणींना सांगायला हवं. मूळ आराखडा जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९९६ साली केला. जन्मात कधी न पळालेल्या माणसाला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आईसारख्या बाईला, जमेल असं काहीतरी त्याला हवं होतं. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आलटून पालटून. मग पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवायची, चालण्याची कमी करायची. नऊ आठवड्यांच्या शेवटी अर्धा तास किंवा पाच किलोमीटर सलग पळायचं. पुढे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तो उचलला आणि जगभर लाखो लोक त्याने पळायला शिकले. यात जादू काही नाही. शरीराला पेलेल एवढंच रोज मागायचं, इतकंच त्यातलं शहाणपण.

आता विचार करा, नऊ आठवड्यांनंतर ह्या बाईंचं नेमकं काय गेलं? पायातलं बळ गेलेलं नाही. मैदान तिथंच आहे. बूटही आहेत. गेली ती एकच गोष्ट, बाहेर पडायचं निमित्त.

बाई शिवणक्लासला जाते, टायपिंगला जाते, तेव्हा घर कुरकुर करत का होईना, सांभाळून घेतं. ‘तिचा क्लास आहे’ म्हटलं की दूध कोणीतरी तापवतं, धाकट्याच्या वेण्या कोणीतरी घालतं. क्लास संपला की ती अर्ध्या तासाची सवलतही संपते. ‘झाला ना तुझा कोर्स?’ असं कोणी वाईट हेतूने म्हणत नाही, पण म्हणतं. आणि आपणही ते मुकाट्याने मान्य करतो, कारण मनातून आपल्यालाही तसंच वाटत असतं. कानातली बाई सांगत होती तोवर ते ‘काम’ होतं. ती गप्प झाली की तो ‘शौक’ झाला. आणि घरच्या बाईच्या शौकाला सकाळी सहाचा मुहूर्त कुठला मिळायला?

म्हणून मैत्रिणींनो, कार्यक्रम संपल्यावर पहिला प्रश्न वेगाचा नाही, किलोमीटरचा नाही. तो अर्धा तास कोणाचा, हा आहे. याचं उत्तर एकदा ठरवलं की बाकी सारं सोपं आहे.

वार ठरवा

तुमच्यातल्या कितीजणी गुरुवारचा किंवा संकष्टीचा उपास करतात? त्या दिवशी ‘आज उपास करू की नको?’ असा विचार मनात येतो का? येत नाही. पाहुणे आले तरी उपास असतो, प्रवास असला तरी असतो. घरातही कोणी ‘आज का उपास?’ म्हणून विचारत नाही. साबुदाणा भिजवायची आठवण उलट सासूबाईच करतात. कारण तो वार ठरलेला आहे. रोज नव्याने परवानगी मागावी लागत नाही, घराकडेही नाही आणि स्वतःच्या मनाकडेही नाही.

पळण्याचं तसंच करा. ‘जमेल तेव्हा जाईन’ म्हणाल तर कधीच जमणार नाही. तीन वार धरा. मंगळवार, गुरुवार, रविवार चालतील. मध्ये एखादा दिवस विश्रांती मिळेल एवढं पाहा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे मांडता तिथेच, ह्या वारांवर खूण करा. पळून आलात की त्या दिवसाभोवती गोल काढा. महिनाअखेर दुधाच्या हिशेबाबरोबर हाही हिशेब दिसेल आणि घरच्यांनाही दिसेल.

घरात एकदा नीट बसून सांगा. ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका. ‘ह्या तीन दिवशी सहा ते पावणेसात मी घरी नसेन, त्या वेळी चहा कोण करणार?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘नको’ हे उत्तर आहे, दुसऱ्याला नाही. आदल्या रात्री कणीक मळून ठेवा, भाजी चिरून ठेवा, हे मी सांगायला नको. पण सगळं आधी आवरूनच बाहेर पडायचं अशी अट स्वतःवर घालू नका. एखाद्या दिवशी यजमानांच्या हातचा चहा पांचट झाला तर होऊ द्या. महिन्याभरात सुधारेल.

तीन दिवसांत काय करायचं?

कानातली बाई गेली, तर आठवड्याचं वेळापत्रक आपणच आखायला हवं. पहिला महिनाभर काहीही वाढवू नका. तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एवढंच. कारण सांगते. नऊ आठवड्यांत छाती आणि हृदय लवकर तयार होतात, दम पुरायला लागतो. पण हाडं, सांधे आणि पोटरीखालची ती जाड शीर यांना त्याहून जास्त, कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून पळत सुटलात तर नडगी दुखायला लागते, टाच धरते. अति तिथे माती, ती इथेही होते.

महिना झाला की तीन दिवसांना तीन रूपं द्या.

पहिला दिवस साधा. पाच मिनिटं भरभर चाला, मग तीस मिनिटं सावकाश पळा. सावकाश म्हणजे किती? सोबत कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला. एकट्या असाल तर मोठ्याने मुलांचा पाढा म्हणून पाहा.

दुसरा दिवस गमतीचा. दहा मिनिटं हळू पळा. मग एक मिनिट जरा जोरात, दोन मिनिटं अगदी हळू, असं पाच-सहा वेळा करा. शेवटी पाच मिनिटं हळू. जोरात म्हणजे बस सुटताना पळतो तसं जीव खाऊन नव्हे. पोळी तव्यावर टाकून आलोय इतपत लगबगीने.

तिसरा दिवस, रविवारचा, लांबचा. दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवा. पस्तीस, चाळीस, असं चाळीस-पन्नास मिनिटांपर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं. दर चौथ्या आठवड्यात मात्र मुद्दाम कमी पळा. शेतालाही पडीक ठेवावं लागतं.

अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवायचे नाहीत, हा एकच नियम लक्षात ठेवा. मध्येच चालावंसं वाटलं तर खुशाल चाला. चालणं म्हणजे हार नव्हे. ज्या कार्यक्रमाने तुम्हांला पळायला शिकवलं त्यात पहिल्या दिवसापासून चालणंच होतं! आणि अर्ध्या तासात पाच किलोमीटर झालेच पाहिजेत असंही नाही. कितीतरी जणींना पाच किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात. घाई कुणाला आहे?

अंतर मोजायचंच असेल तर मैदान उपयोगी पडतं. चारशे मीटरच्या फेरीचं मैदान असेल तर साडेबारा फेऱ्यांचे पाच किलोमीटर होतात. शाळेचं मैदान लहान, दोनशे मीटरचं असेल तर पंचवीस. फेऱ्या मोजताना गोंधळ होतो, त्यावर एक घरगुती युक्ती आहे. डाव्या खिशात तुरीचे पंचवीस दाणे घ्या आणि दर फेरीला एक दाणा उजव्या खिशात टाका. मोबाइल घरी राहिला तरी हिशेब चुकत नाही.

खंड पडला तर

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचा खंड तीन आठवड्यांचा आहे. तो काही मोठा नाही. दोन-तीन आठवडे पूर्ण थांबलं की दम थोडा कमी होऊ लागतो हे खरं, पण एकदा कमावलेला दम परत यायला पहिल्यासारखे नऊ आठवडे लागत नाहीत. पहिल्या पायरीवर जाऊन बसू नका आणि एकदम तीस मिनिटंही पळू नका. सहाव्या-सातव्या आठवड्यात जेवढं पळत होता तिथून सुरू करा. दोन आठवड्यांत गाडी रुळावर येईल.

आणि खंड पडणारच आहे हे आधीच मानून चाला. दिवाळी येईल, लग्नसराई येईल, मुलांच्या परीक्षा येतील, कोणीतरी आजारी पडेल. तीन दिवस जमले नाहीत तर दोन, दोन नाही तर एक. ‘एक दिवस बुडाला, आता सोमवारपासून नव्याने’ असं म्हणू नका. तो सोमवार फार लबाड असतो, तो येतच नाही. बुडालेला दिवस भरून काढायला सलग दोन दिवस दुप्पट पळण्याचा खटाटोपही करू नका. बुडाला तो बुडाला. पुढचा ठरलेला वार धरा.

रस्ता, ऊन आणि कुत्री

आता आपल्या भागाचं बोलू. पुस्तकातले सल्ले थंड देशांतले असतात आणि आपला मुक्काम मराठवाड्यात. गंगापूर तालुक्याचं गाव. खाली गोदावरी आणि कायगाव टोक्याचा पूल, एकीकडे वाळूजचे कारखाने, वर लासूरचं रेल्वे स्टेशन. सकाळी सहाला रस्ते रिकामे असतात हा समज मनातून काढून टाका. पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली असतात आणि गाळपाच्या हंगामात, साधारण दिवाळीनंतर होळीपर्यंत, उसाने खच्चून भरलेले ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच अशी खात्री नाही आणि उसाचे वाढे बाजूला लोंबत असतात. म्हणून मोठ्या रस्त्याने पळायचंच नाही. मैदान, वसाहतीतला आतला रस्ता, मंदिराचा मोकळा परिसर, एवढं पुरे. रस्त्याने जावंच लागलं तर उजव्या कडेने जा, म्हणजे समोरून येणारं वाहन तुम्हांला दिसेल. पांढरा किंवा पिवळा सदरा घाला. कानातलं बोंड एकाच कानात ठेवा, दुसरा कान जगासाठी मोकळा असू द्या.

अंधारात निघू नका. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मे महिन्याच्या अखेरीस पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे घड्याळातली एकच वेळ बारा महिने चालायची नाही. हिवाळ्यात मुलं शाळेत गेल्यावर निघा, उन्हाळ्यात दूधवाल्याच्या आधी. ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तरही यातच आहे. ठरावीक वेळेला, ठरावीक ठिकाणी एकच बाई रोज दिसली की आठ दिवस लोक बघतात, नवव्या दिवशी त्यांना सवय होते. नव्याचे नऊ दिवस इथे आपल्या बाजूने आहेत! तरीही घरी सांगून जा, जवळ फोन ठेवा आणि अडचण आली तर ११२ हा नंबर लावा.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळचीसुद्धा हवा तापलेली असते. नेहमीच्या वेगाने पळाल तर दम दुप्पट लागतो. यात तुमचा दोष नाही. शरीर अंग थंड ठेवायच्या कामालाही लागलेलं असतं. उष्णतेची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर वेळ कमी करा, वेग कमी करा. पळताना घेरी आली, उन्हात अंगावर काटा आला, डोकं ठणकलं, तर तिथेच थांबा, सावलीत बसा, डोक्यावर, मानेवर पाणी घ्या. पळून आल्यावर साधं पाणी पुरतं. फारच घाम गेला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्या.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की एकेक पाय शेराचा होतो आणि घसरून पाय मुरगळतो. त्या दिवसांत सिमेंटची गल्ली बरी. तीही नसेल तर घराच्या जिन्यावर दहा-पंधरा मिनिटं चढउतार करा.

कुत्री अंगावर आली तर पळू नका, हे पळणाऱ्या बाईला सांगणं विचित्र वाटेल, पण तेच खरं. थांबा, डोळ्यांत पाहू नका, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनासाठी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

अंगात रक्त आहे ना?

हा मुद्दा मनावर घ्या. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. पळताना पाय जड वाटतात, पूर्वी जमत होतं ते आता जमत नाही, जिना चढताना छाती धडधडते, असं असेल तर आपण आळशी झालो असं समजू नका. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या. बाजरीची भाकरी, हिरवी पालेभाजी, अळिवाचे लाडू, मोड आलेली कडधान्यं ताटात असू द्या आणि त्यांवर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही.

पळायच्या आधी पोट भरून खाऊ नये. अर्धा तास आधी एखादं केळं किंवा दोन खजूर पुरे. मात्र पळून आल्यावर घरच्यांचं सगळं आटोपून दहा वाजता उरलंसुरलं खायचं, ही आपली जुनी खोड सोडा. आधी पोटोबा मग विठोबा! तासाभरात उसळ, अंडं, दही-पोळी, शेंगदाण्याचा लाडू, जे असेल ते खा.

पळण्याचे बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आतली चोळी घट्ट आणि आधार देणारी घ्या, यात लाजू नका आणि काटकसरही करू नका. मांड्या घासत असतील तर पळण्याआधी खोबरेल तेल लावा. ओढणी घेत असाल तर कमरेला बांधा.

आणखी एक गोष्ट, जी बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना पळताना, खोकताना थेंबभर लघवी होते. त्या लाजेनेच पळणं सोडतात. हे फार जणींना होतं, पण सोसायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी धरून ठेवताना आवळतो तसे आवळून पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटाने केलं की बहुतेकींना फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. बाळंतपणानंतर तीन महिने तरी पळू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

दुखण्याची ओळख ठेवा. दोन्ही पायांना सारखं भरून आल्यासारखं दुखतं आणि दोन दिवसांत जातं, ते चांगलं दुखणं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि पळता पळता वाढत जातं, ते वाईट. तिथे हट्ट नको, विश्रांती घ्या.

ओट्यापाशी पाच मिनिटं

पायात बळ नसेल तर पळणं गुडघ्यांवर येतं. त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा पंधरा वेळा सावकाश उचला आणि टेकवा. मग एकेका पायावर उभ्या राहा, तीस मोजेपर्यंत. पाटावरून किंवा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. आठवड्यातून दोन दिवस एवढं केलंत तरी वर्षभरात गुडघे दुवा देतील. दूध मात्र उतू जाऊ देऊ नका, नाहीतर दोष माझ्यावर येईल!

कशासाठी पळायचं?

हे सगळं केलं तरी एखाद्या सकाळी पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतंच. त्या वेळी कामी येतं ते आपलं स्वतःचं कारण.

आपल्या महाराष्ट्रात पळणाऱ्या बायकांची कारणं काय काय होती पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. घरची गरिबी, आणि पळायला खर्च कमी. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणलं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. आणि लता करे! साठी उलटलेली मजूर बाई. नवऱ्याच्या औषधोपचाराला पैसे नव्हते, म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट २०२० साली पडद्यावर आला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. त्या हौसेने अनवाणी नव्हत्या, हे आपण विसरू नये.

एकेकाळी तर बायकांना लांब पळणं झेपणारच नाही असं मोठमोठे लोक म्हणत. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली, धावून त्या दमल्या, एवढ्यावर ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावं लागलं. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून आडवे होतात, पण त्यांची शर्यत कुणी बंद केली नाही.

तुमचं कारण एवढं मोठं असायची गरज नाही. साखर ताब्यात राहावी, रात्री झोप लागावी, चिडचिड कमी व्हावी, एवढं पुष्कळ आहे. वजन कमी व्हावं हे कारण मात्र एकटं धरू नका. काटा महिनोन्‌महिने हलत नाही आणि मग पळणंच सुटतं. दिवसभरात तो अर्धा तास तुम्हांला कोणी आई, वहिनी, सूनबाई म्हणून हाक मारत नाही, हेही कारण चालेल. ते कुणाला सांगायलाच हवं असं नाही.

शेवटी एक सुचवते. गल्लीत, भिशीत, शाळेच्या फाटकापाशी एखादी तरी बाई असेल, जी तुम्हांला बघून मनात म्हणत असेल, ‘हिला जमतं, मला कुठलं जमायला?’ तिला बोलवा. नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम आता तुम्हांला पाठ आहे. आठवड्यातला एक दिवस तिच्यासाठी ठेवा. ती एक मिनिट पळेल, दीड मिनिट चालेल, तुम्हीही तिच्या चालीने चला. तिला मोबाइल नको, बोंडं नकोत. ‘आता पळा’ आणि ‘आता चाला’ हे तुम्हीच सांगा. सांगणारं कुणी नाही म्हणून जी थांबली, तिने आता सांगणारी व्हायला काय हरकत आहे? आणि ती फाटकाशी तुमची वाट बघत उभी असली की तुम्हांलाही पांघरूण ओढून घेता येणार नाही.

बाकीचे दोन दिवस मात्र कुणाला देऊ नका. ते तुमचे.

तुमच्या गावात बायका कुठे आणि कोणत्या वेळी पळतात, घरच्यांना कसं पटवलं, चहा कोण करतं, हे जरूर लिहून कळवा. निवडक पत्रांचा परामर्श ह्याच पानावर घेऊ.